चावी थोरल्याकडं, बॅटरी धाकट्याकडं

"बॅटरी माझ्याकडं ऱ्हाणार," धाकटा म्हणाला.

"मग चावी माझ्याकडं," थोरला म्हणाला.

मी गाडीखाली आडवा होतो. मागचं चाक जॅकवर उचललं होतं आणि एक्सलखाली स्टँड सरकवायचा होता. अशा वेळी गाडीला धक्का लागला तर ती अंगावर येते. मी खालूनच ओरडलो, "जरा लांब हुबं ऱ्हावा की दोघंबी!"

मंगळवार पेठेत माझं गॅरेज आहे. ही पांढरी गाडी आप्पांची. मोटरपंपाच्या दुकानाचे मालक, माझं जुनं गिऱ्हाईक. आप्पा गेले आणि थोरला विलास, धाकटा संजय या दोन्ही मुलांचा दुकानावरून, घरावरून वाद सुरू झाला. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत गाडी कोणीच वापरायची नाही, असं ठरलं. दोघांच्या स्वतःच्या गाड्या होत्याच, त्यामुळं कोणाचं काही अडणार नव्हतं. पण आपल्या वाट्याची गाडी उभ्या-उभ्या खराब होऊ नये, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. म्हणून मला घरी बोलावलं.

लोकांना वाटतं, गाडी उभी ठेवायची म्हणजे कव्हर टाकलं की झालं. तसं नसतं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल तयार झालेलं असतं, ते आतून इंजिन खातं. म्हणून आधी ऑइल बदललं. टाकी काठोकाठ भरली, कारण रिकाम्या पत्र्याच्या टाकीत ओल धरते आणि गंज चढतो. पेट्रोल लवकर शिळं होऊ नये म्हणून त्यात औषध टाकलं. चारही चाकं उचलून स्टँडवर घेतली, नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटे होतात. हँडब्रेक सोडला. ओढून ठेवला तर मागचे ब्रेक-लायनर ड्रमला चिकटतात. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बांधली. बॅटरी काढली, कारण ती जोडलेली राहिली तर हळूहळू उतरते आणि कायमची मरते.

त्या बॅटरीवरूनच वाद पेटला होता. संजयला भीती, विलास गुपचूप गाडी फिरवेल. विलासलाही तीच भीती. शेवटी संजयनं बॅटरी कापडात गुंडाळली आणि स्वतःच्या डिकीत घातली. विलासनं चावी खिशात टाकली.

आप्पांच्या बायकोला मी काकी म्हणतो. त्या दारात उभं राहून सगळं बघत होत्या. मी हात पुसत होतो तेव्हा जवळ आल्या.

"दस्तगीर, म्हंजे आता ही चालायचीच न्हाय व्हय?"

"चालंल की काकी. खाली उतरवायला किती वेळ लागतोय!"

खोटं बोललो नाही. चावी आणि बॅटरी हातात असेल तर अर्ध्या तासाचं काम होतं.

पावसाळा संपता संपता एका सकाळी काकींचा फोन आला. त्यांची धाकटी बहीण गडहिंग्लजला असते. ती अत्यवस्थ होती, भेटायला बोलावलं होतं. मी जॅक घेऊन गेलो. काकी पिशवी भरून पायरीवर उभ्या होत्या.

मी विलासला फोन लावला.

"मी देतो की चावी. पण आधी संज्यानं बॅटरी आणू दे."

"तुमच्याच गाडीतनं न्या की त्यांस्नी."

"माझी गाडी कागलला गेलीया."

संजयला फोन केला. तो म्हणाला, "आधी चावी येऊ दे, मग बॅटरी देतो."

"माझ्याकडं दुसरी बॅटरी हाय, ती लावतो."

"लावून बघ. केसमधी तुझंबी नाव घालतो."

परत विलास, परत संजय. प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. मी काकींना म्हणालो, माझी जुनी व्हॅन आणतो, आपण निघू. त्या ऐकेनात.

"माझ्या नवऱ्याची गाडी दारात हाय आणि मी दुसऱ्याच्या गाडीतनं जाऊ? देतील रं. आईसाठी देतील की."

त्यांचा मुलांवर अजून विश्वास होता. तो मोडायला माझी जीभ रेटेना. सकाळ अशीच गेली. दोघांनीही फोन उचलायचं बंद केलं, तेव्हा काकींनी आपणच पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "आण तुझी व्हॅन."

निपाणी मागं पडली तरी त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली नाही. गडहिंग्लजला पोचलो तर घरासमोर माणसं जमलेली. बहीण थोड्या वेळापूर्वीच गेली होती. शेवटपर्यंत "अक्का आली का" विचारत होती, असं तिच्या सुनेनं सांगितलं. काकी पिशवीसकट बहिणीजवळ जाऊन बसल्या.

संध्याकाळी मातीला दोन्ही मुलगे आले. वेगवेगळे आले. विलास त्याच्याच गाडीतून आला. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं चष्मा पुसायला घेतला.

मला नंतर एका गिऱ्हाइकाकडून कळलं की आप्पांच्या मालमत्तेत काकींचाही मुलांएवढाच वाटा होता. म्हणजे गाडीतही होता. गाडी अशी बांधून ठेवली त्या दिवशी त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मीही मालक दोनच धरले होते.

पुढं भावाभावांत समझोता झाला. दुकान एकानं घेतलं, घर दुसऱ्यानं. गाडी विकायची ठरली. मी ती खाली उतरवली, बॅटरी चार्ज करून बसवली, चावी फिरवली. पहिल्याच स्टार्टरला इंजिन सुरू झालं.

"दस्तगीरभाई, एक नंबर काम!" विलास म्हणाला.

गाडी घ्यायला आलेलं कागलचं गिऱ्हाईक बघून खूश झालं. फक्त वारसांच्या सह्या बाकी होत्या. काकींनी सही केली नाही. विलासनं समजावलं, संजयनं हात जोडले, दोघांच्या बायका येऊन रडल्या. काकी एवढंच म्हणाल्या, "मला इकायची न्हाय." कारण सांगितलं नाही. कोणी विचारायचं धाडसही केलं नाही.

गाडी परत स्टँडवर चढवावी लागली.

तेव्हापासून एक शिकलोय. अशी गाडी आली की बोलावणाऱ्याशी बोलून भागत नाही. त्या गाडीतून घरातलं कोण कोण फिरत होतं, ते मी आधी विचारतो. ऑइल आणि टायर त्यानंतर.

परवा संजय गॅरेजवर आला होता. "अशीच हुबी ऱ्हायली तर सडंल न्हवं?" म्हणाला. सडली तर आई तयार होईल, असा त्याचा हिशेब असावा.

"न्हाय," मी म्हणालो. "चांगली बांधलीया. लई वर्षं टिकंल."