केसपेपरवरचा ‘को’

“अण्णा, तुम्ही कशाला घाबरता? तुमची दाढ मीच काढणार. ती पोरगी फक्त ‘को’वाल्यांच्या काढते.”

सर आतल्या खुर्चीवरच्या पेशंटला सांगत होते. मी पडद्याच्या अलीकडे ट्रे लावत होते. अण्णा सोनईकडचे बागायतदार. तोंडात कापूस होता तरी ते हसले. सरही हसले. माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

“सिस्टर, हळू!” सर आतून म्हणाले.

मी सिस्टर नाही. मी बीडीएस आहे. चार वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप. पदवी आहे, फक्त डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नाही. शाळेनं आईचं नाव इंग्रजीत एका तऱ्हेनं लिहिलं, विद्यापीठानं दुसऱ्या. त्या एका अक्षरापायी माझा अर्ज अडलाय. रोज सकाळी मी मोबाईलवर बघते. रोज तेच: काम चालू आहे.

क्रमांक नसला की दवाखाना टाकता येत नाही, नोकरी मिळत नाही. नगरमध्ये मी नऊ ठिकाणी विचारलं. सगळे म्हणाले, क्रमांक आला की या. फक्त केडगावच्या या सरांनी लगेच ठेवून घेतलं. “शिकशील. अनुभवाचा दाखला देईन,” म्हणाले. मला बरं वाटलं. कायद्यानं मी कुणाच्या दाताला हात लावायचा नव्हता, हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं. केसपेपर सरांच्या नावाचा, शिक्का सरांचा, सही सरांची. हात माझे.

काउंटरवर सरांच्या मिसेस बसतात. केसपेपरच्या कोपऱ्यात त्या कधीकधी हिरव्या पेनानं ‘को’ लिहितात. तो कागद माझ्याकडे येतो. पहिला महिनाभर मला वाटायचं, को म्हणजे कोपरगाव. इतके लोक दाढ काढायला कोपरगावहून केडगावला का येतात, याचं मला नवल वाटायचं. विचारायची लाज वाटत होती. मी कमी बोलते. सात वर्षांची असताना सरकारी योजनेतून इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायला गेले, तेव्हापासूनची सवय. एकदा धीर करून एका बाईंना विचारलं, “कोपरगावात पाऊस झाला का?”

त्या म्हणाल्या, “मला काय म्हाईत बाई? मी पाथर्डीची.”

अण्णा गेल्यावर मी काउंटरशी गेले आणि विचारलं.

“अगं, को म्हणजे कोयता,” मॅडम म्हणाल्या. त्या बिस्किट खात होत्या. “ऊसतोडीला जाणारे. टोळी हलायच्या आधी दुखणी उरकायला येतात. पुढच्या आठवड्यात कुठल्या कारखान्यावर असतील, कुणाला ठाऊक. काही कमी-जास्त झालं तरी परत भांडायला येत नाहीत. तुझा हात बसायला बरे.”

मग त्यांनी बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे केला. मी एक घेतलं.

तोडीच्या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. माझे आईवडील एक कोयता आहेत. आठच दिवसांपूर्वी ते कारखान्यावर गेले. हे या दवाखान्यात कुणाला माहीत नाही. कामाला लागताना फॉर्मवर मी वडिलांच्या धंद्यापुढे ‘शेती’ लिहिलं. शाळेतही मी तेच सांगायचे. स्नेहसंमेलन दर वर्षी तोडीच्या दिवसांतच यायचं. बाकीच्यांचे पालक यायचे. माझे का येत नाहीत, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, कामात असतात.

वडील फड सुटल्यावर फोन करतात. दर वेळी एकच विचारतात, “झाली का गं डाक्टर?” हा हंगाम शेवटचा, असं त्यांनी ठरवलंय. मी कमावती झाले की कोयता ठेवायचा. आईचे गुडघे गेलेत. म्हणून मला हे काम सोडता येत नव्हतं. म्हणून मला तो दाखला हवा होता.

हे कळल्यावरही मी काम सोडलं नाही. हे लिहायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले, ॲप्रन घातला, हिरवा ‘को’ असलेल्या दोघांच्या दाढा काढल्या. तिसऱ्या दिवशीही गेले. माझा हात बसत होता. रात्री झोप लागत होती. फार थकल्यावर लागते तशी.

चौथ्या दिवशी मिरजगावकडची एक बाई आली. पस्तिशीची असेल. एक गाल सुजलेला. बाहेर टेम्पो उभा होता, त्यात भांडी, अंथरुणं, दोन शेळ्या. नवरा दर थोड्या वेळानं दारातून डोकावत होता.

“आवरा जरा मॅडम, लोकं खोळंबल्यात,” तो म्हणाला.

“तुमाला लई घाई,” बाई त्याला म्हणाली. “दाढ माजी हाय. बसा गप तिकडं शेळ्यांजवळ.”

मी हसले. इंजेक्शन भरलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“तुमीच ना त्या? चष्म्याच्या? माज्या जावंची दाढ तुमीच काढली हुती. म्होरच्या टोळीत गेली ती.”

“दुखलं का त्यांना नंतर?”

“दुखायचं काय घेऊन बसलाव! चार दिस रगात थांबंना. फडात मोळ्या उचलायची अन् थुकायची, मोळ्या उचलायची अन् थुकायची. मुकादम म्हनला, चहाची पत्ती दाबून धर.” तिनं पदरानं गाल दाबला. “पर तुमाला बोल लावला न्हाई तिनं. म्हनली, बाई लई मायाळू हाय, जा तिच्याकडंच. तिनंच धाडली मला.”

मी सुई ट्रेमध्ये ठेवली.

रक्त लवकर थांबत नाही का, हे दाढ काढण्याआधी विचारायचं असतं. मी हिच्या जावेला विचारलं होतं का? मला आठवेना. तिचा चेहराही आठवेना. फक्त कोपऱ्यातलं हिरवं अक्षर आठवत होतं. कौन्सिलला कळलं तर माझा क्रमांक कधीच येणार नाही, हेही त्याच वेळी डोक्यात आलं. आधी ते आलं, मग ती बाई. हा क्रम मी विसरणार नाही.

सर पडदा सारून आत आले. बाहेर बाकावर पाच-सहा माणसं होती. पडदा उघडाच राहिला.

“काय झालं? काढ पटकन. त्यांचा टेम्पो थांबलाय.”

“सर, तुम्ही काढा.”

“एवढं येत नाही? दाखला कशाचा देऊ मग?”

माझा आवाज शाळेपासून लहान आहे. मला दोनदा बोलायला लावतात. त्या दिवशी एकदाच बोलले. बाकावरच्या माणसांनी माना वर केल्या, मॅडम काउंटरवरून उठल्या.

“ताई, मी शिकलेली आहे, पण मला दात काढायची परवानगी अजून मिळालेली नाही. तुमच्या जावेची दाढ काढली तेव्हाही नव्हती. या सरांना ते माहीत होतं आणि मलाही. सर, दाखला नको. आजवर इथे ज्यांच्या दाढा मी काढल्या, त्या सगळ्यांची नावं मी कौन्सिलला स्वतः लिहून देणार आहे, खाली माझी सही करून. ताई, तुमच्या जावेला फोन लावा. पहिलं तिला सांगते.”