गल्लीच्या ग्रुपवर पडलेला पासपोर्ट नंबर

माझे समोरचे दोन दात खोटे आहेत. खरे दोन सुरतेत, पर्वत पाटिया भागातल्या आमच्या गल्लीत पडले, आणि ज्याने ते पाडले त्याचा नेम इतका सुरेख होता की आरशासमोर उभा राहिलो की मी अजून त्याला दाद देतो. एकाच ठोशात दोन! कारण विचाराल तर एक पीडीएफ.

कोरोनाच्या लशीचे दिवस होते. आमची गल्ली बहुतेक खानदेशी. पुरुष कापडाच्या मागांवर, बायका साड्यांना लेस लावणाऱ्या किंवा गुजराती घरांतून पोळ्या लाटणाऱ्या. नवी ऑफर निघाली की सिमकार्ड बदलायचं, ही सगळ्यांची रीत. वर्षानुवर्षं एकच नंबर धरून बसलेला माणूस गल्लीत मी एकटा. त्यामुळे लशीची नावं घालायची वेळ आली तेव्हा अर्धी गल्ली माझ्या, माझ्या बायकोच्या आणि माझ्या मुलीच्या नंबरावर चढली. ओटीपी माझ्याकडे, प्रमाणपत्रं माझ्याकडे, कोणाचा जन्म कोणत्या साली झाला तेही माझ्याकडे. पस्तिशीच्या म्हणवणाऱ्या दोघी-तिघी मला पाहून रस्ता बदलायच्या. मी राजा होतो हो!

प्रमाणपत्रं आली की मी ती एकेकाला पाठवत बसायचो नाही. दिवसभरात जमलेली सगळी उचलायची आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकायची. ज्याचं त्याने शोधून छापून आणावं. चाळीसेक घरांचा ग्रुप. कोणी कधी हरकत घेतली नाही. उलट लोक एकमेकांच्या प्रमाणपत्राला अंगठे दाखवायचे.

माझ्या खालच्या खोलीत एक बाई राहायची. मी तिला ताई म्हणायचो, ती मला नाना. एका शेठाणीकडे ती स्वयंपाकाला होती. शेठाणीची मुलगी परदेशात, बाळंतपण जवळ आलेलं, आणि तिला ताईच्याच हातचं हवं होतं. सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. ताईने नवऱ्याला न सांगता पासपोर्ट काढला, दोन्ही डोस घेतले. तिच्या आयुष्यात स्वतःच्या नावाने निघालेली ती पहिली वाट. विमानासाठी प्रमाणपत्र वेगळं लागायचं. त्यावर पासपोर्टचा नंबर आणि पुरी जन्मतारीख छापून यायची, तिकडच्या देशाला चालावं म्हणून. ते काढायला ती माझ्याकडे आली.

"नाना, कोणाला सांगू नका. याला कळलं तर मला जिवंत जाळेल."

"ताई, माझी जीभ झडेल," मी म्हणालो. छातीवर हातसुद्धा ठेवला.

आणि जिभेने मी खरंच एक शब्द काढला नाही. त्या दिवशी जमलेली सात प्रमाणपत्रं उचलली आणि नेहमीसारखी ग्रुपवर टाकली. सातवं तिचं होतं.

तिचा नवरा मागाचा फिटर. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. दुपारी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. माझं दार लोटून तो आत आला. एका हातात फोन, दुसऱ्यात माग दुरुस्त करायचा हातभर लांब पाना.

"नाना, हाई काय शे?"

मी चष्मा लावून बघितलं. तोंडावर हसू आणलं. "अरे, ते सगळ्यांनाच तसं येतं."

"सगळास्ना पासपोर्ट शेतस का?"

उत्तर सुचेपर्यंत ठोसा आला. पाना त्याने वापरला नाही, एवढा त्याचा मोठेपणा. मी ताटाळ्यावर पडलो, ताटाळं माझ्यावर पडलं, आणि वाट्या जिन्यावरून खणखणत थेट नळापर्यंत गेल्या. माझा फोन त्याने उंबऱ्यावर ठेवला आणि पान्याने ठेचला. एक, दोन, तीन. प्रमाणपत्र मेलं असं त्याला वाटलं असावं. मग तो खाली गेला.

इथवर मी ही गोष्ट लग्नाकार्यात रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पुढची सांगताना आवाज आपोआप उतरतो.

तोंडाला पंचा लावून मी जिन्यावर आलो. खालून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता, "पासपोर्ट कोठे शे?" आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर, "शेठाणीकडे." मग त्याने तिला केसांना धरून ओढत बाहेर आणलं. तिचा उजवा हात ओट्याच्या कडेवर दाबून धरला.

"आते देखू कशी पोया लाटस."

पाना खाली आला. आवाज लहानसाच झाला, सुकी काटकी मोडावी तसा. तिची दोन बोटं मोडली. मी जिन्यावर उभा होतो. चार पायऱ्या उतरलो असतो तर त्याचा हात धरता आला असता. मी उतरलो नाही.

उतरल्या त्या नळावरच्या बायका. पाणी आलेलं होतं, कपडे धुणं चाललं होतं, प्रत्येकीच्या हातात धोपाटणं. पहिलं त्याच्या मनगटावर बसलं, पाना सुटला. दुसरं कानावर. मग मोजदाद राहिली नाही. गोधडी बडवावी तसा त्यांनी त्याला बडवला. साबणाच्या फेसात तो दोनदा घसरून पडला. उठला की पुन्हा पाडायच्या. माझी बायको त्यांत सगळ्यांत पुढे होती, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या हातात एवढा जोर आहे याची मला कल्पना नव्हती. त्याची भुवई फाटली, ओठ सुजून लोंबायला लागला. "मरी जाई वं तो," असं एक म्हातारी म्हणाली तेव्हा कुठे त्या थांबल्या.

ताईला बायकांनीच दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती हाताला प्लॅस्टर घालून परतली आणि खोलीत न जाता पहिल्या घराच्या दारात उभी राहिली.

"तुमचा फोन काढा. माझा कागद आहे ना त्यात? माझ्यासमोर पुसा."

एकेक दार घेतलं तिने. कोणी म्हणालं, "ताई, आम्ही तर उघडलाही नाही." "मग पुसायला काय जातं?" कोणी म्हणालं, "आपलीच माणसं आहोत." तिने नुसतं प्लॅस्टर वर केलं. एका म्हाताऱ्याला पुसता येईना, तर तिने डाव्या हाताने स्वतः पुसलं. माझ्याकडे आली तेव्हा मी फुटक्या तोंडाने म्हणालो, "फोनच राहिला नाही, ताई." ती म्हणाली, "सिम बायकोच्या फोनात घाला. माझ्या नावापुढचा तुमचा नंबर काढायचा आहे." ओटीपी आला. मी वाचून दाखवला. तिने शेठाणीकडून आणलेल्या नव्या नंबरावर स्वतःची लशीची नोंद नेली. मला ती एका शब्दानेही रागावली नाही, आणि ते दातांपेक्षा जास्त दुखलं.

शेवटी ती ओट्यावर बसलेल्या नवऱ्यासमोर गेली आणि डावा हात पुढे केला. त्याने फोन दिला. तिने पुसलं, फोन परत त्याच्या मांडीवर ठेवला, आणि बायकांनी भरून ठेवलेली पिशवी उचलली. शेठाणीची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

सुजल्या ओठांतून त्याने विचारलं, "कोणता दिनले तिकीट शे?"

"तुले नही सांगसू."

मला राहवलं नाही. वरून ओरडलो, "ताई, मला तरी?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि चालू लागली.

तिचं विमान कोणत्या दिवशी उडालं हे गल्लीत कोणालाही ठाऊक नाही, मलासुद्धा. शेठाणीकडे पोळ्या लाटायला नवी बाई लागली तेव्हा आम्हाला कळलं की ती गेली.