आग्नेलोच्या नावाची गाडी

जयवंतचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कुटायचे डंक उजाडल्यावर धडधडायला लागत, पण त्याआधी त्यांना तेल देणं, आदल्या दिवसाची पूड झटकणं, पट्टा ताणणं हे काम त्याचं. गिरणी बंद पडल्यापासून हेच चाललं होतं. सत्तरी उलटली तरी दुसऱ्याने ताणलेला पट्टा त्याला पटत नसे. सुशांतचं तेरावं उरकून तो परत कामावर आला, तेव्हा कोणी काही विचारलं नाही. डंकावर सगळ्यांचेच डोळे वाहत असतात.

सुशांत त्याचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी वडाळ्याला त्याची मोटरसायकल दुभाजकावर आदळली आणि तो जागीच गेला. ती जुनी बुलेट तेव्हापासून पोलीस चौकीमागच्या आवारात गंजत पडली होती. यंदा ऐन मसाल्याच्या दिवसांत निरोप आला की बेवारस गाड्या महिनाअखेर भंगारात जाणार. जयवंतला ती हवी होती, चालवायला नव्हे. दर रविवारी सुशांत तिच्याखाली आडवा पडून असायचा. पोराने हात काळे करून केलेलं दुसरं काही घरात उरलं नव्हतं.

हवालदाराने कागद पाहिले. "काका, गाडी आग्नेलो फर्नांडिसच्या नावावर आहे. तुम्ही कोण?"

"चालवणाऱ्याचा बाप."

"बाप असाल हो. मालक कुठाय? त्याची सही आणा, दंड नि जागाभाडं भरा, घेऊन जा."

दंड आणि भाडं मिळून डंकावरची सगळी शिल्लक जाणार होती. जाऊ दे, म्हणून जयवंत कॉटन ग्रीनला कुशाबाकडे गेला. गाडी जयवंतनेच पूर्वी कुशाबाकडून घेतली होती. दोघे गिरणीत एकाच खात्यात होते.

कुशाबा आता खाटेवर होता, तोंड मात्र शाबूत होतं. "माझ्या नावावर ती होतीच कधी? आग्नेलोने कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली, तीच मी तुझ्या हातात ठेवली. म्हटलं होतं ना, आरटीओत जाऊन ये?"

"पाळी बुडली असती."

"एक पाळी! अरे, बायकोला नाव लावताना बरी सुट्टी काढलीस!" कुशाबा हसला, मग खोकत राहिला. "तो फॉर्म कुठाय?"

"छत गळलं तेव्हा भिजला. लगदा झाला."

"मग जा दादरला. चर्चमागची वाडी. आग्नेलो असला तर माझा रामराम सांग."

आग्नेलो नव्हता. दार त्याच्या मुलीने, मेलानीने उघडलं. आत त्याची बायको जर्ट्रूड खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. जयवंतने ओळख सांगितली आणि गाडीचं सगळं सांगितलं. जर्ट्रूडचा हात तांदळातच थांबला.

"तो पोरगा तुमचा होता?"

"हो, वहिनी."

"त्या दिवशी सकाळीच पोलीस आले. बोलले, तुझी गाडी, पोरगा मेलाय, चल. याला हार्टचा त्रास. दुपारपर्यंत बाकावर बसवला. हा आपला सांगतोय, विकली, कुशाबाला विकली. नंतर तुमचा पत्ता लागला तेव्हा सोडला. घरी येऊन जेवला नाही. मला विचारतो, कोणाचा असेल गं पोरगा? त्याच महिन्यात गेला."

चौकीवाल्यांनी त्या दिवशी कोणाकोणाची दारं ठोठावली, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"द्या कागद, त्याची बायको म्हणून मी करते सही," जर्ट्रूड म्हणाली.

"मम्मी, कशाला सही करतेस? यांच्यामुळे—"

"गप, मेलानी. त्यांचा पोरगा गेलाय."

तिने चष्मा लावून सावकाश सही केली. जयवंतला निघता येईना. "वहिनी, माझ्याकडून काही होण्यासारखं आहे?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मेलानी मात्र त्याच्यामागून जिन्यापर्यंत आली. "विचारलंत म्हणून सांगते, अंकल. पप्पांची कबर दोनच वर्षांसाठी होती. जागा नसते ना. पुढच्या आठवड्यात उघडतील. हाडं भिंतीतल्या कप्प्यात ठेवायची तर पैसे भरावे लागतात. आमच्याने जमलेलं नाही. मग सगळ्यांची टाकतात त्या विहिरीत टाकतील. मम्मीला अजून बोलले नाही."

घरी येऊन त्याने बायकोला, मालनला, सगळं सांगितलं आणि काय करू ते विचारलं. ती भाकरी थापत होती.

"गाडी नि कप्पा, दोन्ही नाही व्हायचं?"

"नाही."

"मग मला कशाला विचारता?" ती म्हणाली. तवा उतरवून तिने तोंडाला पदर लावला.

महिनाअखेर जयवंत वडाळ्याला गेला. क्रेनने बुलेट उचलून ट्रकमध्ये इतर गाड्यांवर टाकली. टाकी चेपल्याचा आवाज झाला. जर्ट्रूडच्या सहीचा कागद त्याच्या खिशातच होता.

दफनभूमीत त्याआधीच सगळं झालं होतं. आग्नेलोच्या हाडांची पेटी कप्प्यात सरकवल्यावर गवंड्याने कप्प्याच्या तोंडावर लादी बसवली. ती उजवीकडे कलली होती. जयवंतने ती काढायला लावली, ओळंबा धरला आणि पुन्हा बसवून घेतली. डंकावरच्या इतक्या वर्षांच्या मजुरीत हातभर खोलीचा तो कप्पा आला आणि वरची लादी आली.