समोरचं पाणकणीस

लोकांना पक्षी नीट दिसावेत म्हणून पक्ष्यांच्या राहण्याची जागाच कापली. बिल्डरने कापली असती तर इतका राग आला नसता. कापली आमच्याच पक्षीनिरीक्षकांच्या गटाने.

सर्जापूर रोडजवळच्या आमच्या तळ्यावर महिन्यातून एका रविवारी व्याख्यान असतं. त्या दिवशी गेले तर खुर्च्यांसमोरचं अर्धं पाणकणीस, पाण्यातलं ते उंच गवत, गायब. नुसते खुंट. उरलेल्या अर्ध्यात जांभळ्या पाणकोंबडीचं घरटं होतं, अंड्यांसकट. आमच्यात घरट्याची जागा कुणाला सांगत नाहीत. मीही गटावर फोटो टाकला नव्हता. फक्त गटाच्या सरांना सांगितलं होतं, त्यांनी लक्ष ठेवावं म्हणून.

व्याख्यान सरांचंच होतं. गावकऱ्यांनी शेतीसाठी हे पाणी कसं अडवलं, पुढे घरांच्या लेआउटसाठी भराव टाकायला आलेले ट्रक लोकांनी कसे परतवले, सगळं पडद्यावर फोटो दाखवत रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग तळ्याकडे हात करून म्हणाले, "आज अर्धंच झालंय. उद्या उरलेलं काढलं की इथे बसून सगळं दिसेल!"

माझे कान तापले. शेजारी आमच्या बिल्डिंगमधल्या बेळगावच्या काकू होत्या. त्यांनी कोपर मारलं.

"ऊठ की गं! रिक्षात अख्ख्या रस्त्याला बडबडलीस, आता तोंड शिवलं काय?"

उठले. इंग्रजी शाळेने शिकवलेलं 'एक्स्क्यूज मी' तेवढं बाहेर पडलं. मग आवाज फाटला. "सर, उरलेल्यात घरटं आहे. तुम्हाला माहीत आहे. मी सांगितलं होतं."

सर हसले. "अरे हो, बघा, आमची तरुण पिढी किती हळवी आहे! हिच्यासाठी एकदा टाळ्या!"

आणि लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला इतकं अपमानित कधी वाटलं नव्हतं.

"टाळ्या नकोत," मी म्हणाले. "कापणाऱ्याला फोन करा. आत्ता."

"स्वल्प थांब, चहानंतर बोलू."

"चहाच्या आधी," काकू बसल्या जागेवरून ओरडल्या. "आम्ही ऐकतोय की! स्पीकरवर लावा."

मी बसले नाही. शेवटी सरांनी कंत्राटदाराला फोन लावला. पलीकडून कन्नडात 'सरी सर, सरी', म्हणजे बरं बरं, ऐकू आलं. अंड्यांतून पिल्लं बाहेर येईपर्यंत काम बंद.

"झालं समाधान?" त्यांनी मला विचारलं, हट्टी मुलाला विचारावं तसं.

"नाही," मी म्हणाले. "नंतरही कापायचं नाही."

त्यांनी रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर पुढचं चित्र आलं: तळं वाचवणाऱ्यांचा जुना फोटो, मधोमध सर.

सोमवारी ऑफिसच्या आधी मी पाणकणसासमोर जाऊन उभी राहिले. त्या फोनवर माझा विश्वास नव्हता.