दुष्काळातला कांदा

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांतून चालत होत्या आणि पाणी टँकरने येत होते. लोह्याकडच्या आमच्या गावाहून मी विज्ञानशिक्षक म्हणून तिथे आलो. पाठोपाठ आई आली, आणि धाकटा भाऊ एका नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागला. मी चोवीस वर्षांचा होतो. मेंदूविषयी माझ्याइतके जाणणारा माणूस त्या जिल्ह्यात दुसरा नसावा, असा माझा प्रामाणिक समज होता.

फळ्यावर मी मेंदू सुरेख काढत असे. तो कवटीत पाण्यासारख्या नितळ द्रवात तरंगतो आणि त्यापासून चेतांच्या बारा जोड्या निघतात, हे मी हातवारे करून सांगे. पहिली जोडी गंधाची. ती नाकाच्या छताच्या हाडातून, चाळणीसारख्या बारीक छिद्रांतून खाली उतरते. ते पटावे म्हणून मी घरातली पिठाची चाळणीच वर्गात नेई, आणि इकडे आईची भाकरी खोळंबे.

एका दुपारी टँकरच्या तोंडात आपला पाइप आधी सोडावा म्हणून भाऊ वर चढला. टँकर हलला, आणि तो खाली हौदाच्या काठावर कपाळ आपटून पडला. क्षणभर शुद्ध गेली, मग उठून बसला. आईने आमच्या रिवाजाप्रमाणे कांदा बुक्कीने फोडून त्याच्या नाकाला लावला.

"वास येतो का रं?"

"न्हाई माय. कायबी न्हाई."

मी हसलो. "माय, दुष्काळातला कांदा हा! त्याच्यात रसच न्हाई, तर वास कुठून येणार?"

हे माझे शास्त्रीय निदान. त्याच कांद्याने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते मी हिशेबात धरले नाही.

संध्याकाळी भावाचे नाक गळू लागले. नितळ, थेंब थेंब. "सर्दी," मी म्हणालो. "जोरात शिंकर, मोकळं होईल." तो आज्ञाधारक. रात्रीपर्यंत शिंकरत राहिला.

सकाळी टँकरवाले चाचा चौकशीला आले. भाऊ मान खाली घालून बसला होता आणि सदऱ्यावर थेंब पडत होते. चाचांनी ते पाहिले मात्र.

"मास्तर, ये सर्दी नै है. मेरा साला ट्रक पे से गिरा था, उसके बी नाक से ऐसाच पानी आया था. चलो, बिठाव गाडी में."

"चाचा, मी विज्ञान शिकवतो," मी हळूच म्हणालो.

"हाव, बाद में सिकाव. पैले इसको उठाव."

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले. नाकाच्या छताचे हाड तडकले होते, आणि मेंदूभोवतीचे पाणी तिथून गळत होते. "शिंकरलं की हवा आणि जंतू उलटे मेंदूकडे जातात. शिंकरायला सांगितलं कुणी?"

भावाने माझ्याकडे पाहिले. "कुणी न्हाई साहेब. मीच शिंकरलो."

मी सुशिक्षित नातेवाइकाच्या गांभीर्याने मान डोलावली. एवढेच केले.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप चढला, मान ताठली, तो बरळू लागला. नऊ दिवस मी खाटेपाशी बसून होतो. त्याच्या मेंदूच्या आवरणांची नावे मला क्रमाने पाठ होती. त्यांतल्या एकाचाही त्याला उपयोग नव्हता. दहाव्या दिवशी ताप उतरला, गळणे थांबले, आणि त्याने भाकरी मागितली. वास मात्र परत आला नाही.

आज आम्ही दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे आणि आम्ही शेजारी शेजारी राहतो. रोज सकाळी तो दुधाचे पातेले घेऊन येतो. "दादा, हुंग." मी हुंगतो आणि नासले की नाही ते सांगतो. माझ्या आयुष्यातले हे एकमेव निदान, जे सहसा चुकत नाही.

परवा पातेले नाकाशी असतानाच मी म्हणालो, "तवा शिंकरायला मीच सांगितलं होतं. डॉक्टरापुढं बोललो न्हाई."

"ठाव हाय की," तो म्हणाला. "मार माझ्या डोस्क्याला लागला हुता, तरी मी इसरलो न्हाई. आता दूध सांग. चहा खोळंबलाय."

दूध चांगले होते. मी तरी ते पुन्हा एकदा हुंगले, आणि मग सांगितले.