सरांना विचारा

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. जुना कोड ज्याने लिहिला तो माणूस अजून कामावर असेल, तर तो कोड काढायला त्याचीच मंजुरी लागते. रीत चांगली आहे. पण तिच्यामुळे सरांचाच कोड तुकड्यातुकड्याने मोडून मला त्यांच्यापुढे न्यावा लागला. ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "आण, आज काय मोडलीस बघू."

हैदराबादेत आबिड्सच्या मागच्या गल्लीतली आमची कंपनी स्वतःचा डेटाबेस बनवते. लहान दवाखाने, औषधांची दुकानं तो वापरतात. त्यातला ऑप्टिमायझर सरांचा. बाकीचा कोड कितीतरी हातांतून गेला, हा भाग मात्र त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होता. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी ते अर्धा दिवस यायचे, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही.

मी तळोद्याकडची. नववीनंतर शाळा सुटली, घरात धाकटी भावंडं होती. मावशीसोबत इथं नल्लकुंट्यात आले आणि या कंपनीत माहिती भरण्याच्या कामाला लागले. सर शेजारच्या टेबलावर. एकदा त्यांना भीत भीत विचारलं, की मशीनला तोच प्रश्न विचारला तरी उत्तर कधी झटकन येतं, कधी रेंगाळतं, असं का?

त्यांच्या घराण्याने मराठवाड्यातली शेती सोडून हैदराबाद धरल्याला पिढ्या झाल्या, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. म्हणाले, समज, नल्लकुंट्यात राहणारे आणि खोकल्याचं औषध घेतलेले लोक शोधायचेत. घरोघर फिरून खोकला विचारशील, का औषधवाल्याकडे बसून पत्ते बघशील? मी म्हटलं, खोकला किती जणांना आहे त्यावर ठरेल.

"हौ," सर म्हणाले. "तेवढंच करतंय ते."

ऑप्टिमायझर म्हणजे तेवढंच. उत्तराकडे जाणारे सगळे रस्ते बघायचे, प्रत्येकाचा खर्च अंदाजाने मांडायचा आणि स्वस्तातला धरायचा. त्या दिवसापासून सरांनी मला शिकवायला घेतलं. दाखला मागितला नाही. आजही ऑफिसात नवा माणूस आला की मला वाटतं, हा माझी मार्कशीट मागायला आलाय.

शिकवणी सुरू झाली ट्रेसपासून. ऑप्टिमायझर जो जो विचार करतो तो ट्रेसमध्ये ओळीने छापून येतो. सोडलेल्या रस्त्यापुढे सरांनी 'नक्को' छापायची सोय केली होती, धरलेल्यापुढे 'हौ'. माझं प्रोग्रॅमिंगचं वाचन या दोन शब्दांवर सुरू झालं.

मग मॅनेजरबाईंनी बोलावलं. पुण्याच्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या, स्वभावाने बऱ्या. म्हणाल्या, ऑप्टिमायझरचं रिफॅक्टरिंग तू कर. वागणं जराही बदलायचं नाही, फक्त कुणालाही वाचून कळेल असं लिहायचं. "मग सरांनाही आराम," त्या म्हणाल्या, आणि मला काय ते समजलं.

नाही कसं म्हणणार? नववी झालेलीने? पण खरं सांगायचं तर नुसत्या भीतीने मी ते काम घेतलं नाही. मला ते आवडायला लागलं. लांबलचक फंक्शन फोडायचं, तुकड्यांना नावं द्यायची, जुना आणि नवा दोन्ही चालवून ट्रेस शेजारी शेजारी लावायचे आणि ओळीला ओळ जुळतेय का बघायचं. जुळली की असा आनंद व्हायचा. त्याच आनंदात समोर बघावं, तर सर डब्यातला उपमा खात बसलेले असायचे. जुळलेली प्रत्येक ओळ त्यांना दाराकडे सरकवत होती, आणि ती सरकवायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

शेवटी एकच तुकडा उरला. दोन रस्त्यांचा खर्च अगदी सारखा आला, तर काही टेबलांसाठी, म्हणजे डेटाबेसमधल्या माहितीच्या तक्त्यांसाठी, सरांनी एक विचित्र अट घातली होती. ती काढून पाहिली. उत्तर तेच आलं, पण ट्रेसमध्ये 'हौ'च्या जागी 'नक्को'. म्हणून अट परत घातली. आता ती का आहे एवढं सरांना विचारायचं राहिलं. विचारलं की काम संपणार होतं.

मी विचारलं नाही. अटीच्या वर टीप लिहिली : कारण माहीत नाही, बदलण्याआधी सरांना विचारा. ही ओळ आहे तोवर विचारायला कुणीतरी लागेल, असा माझा हिशेब. आणि ते तसंच सरांकडे मंजुरीला पाठवलं.

त्यांनी जवळ बोलावलं. आवाज खाली होता.

"काय करलालीस हे? मला विचारलीस?"

"नाही."

"मग माहीत नाही कसं लिहिलीस?"

ते त्या टिपेवर बोट ठेवून बसले.

"मला खुंट्याला बांधून ठेवायलीस का बेटा? नक्को. मी नसेन तेव्हा हे वाचणारा कुणाला विचारील? बस इथं. कारण लिही."

मग त्यांनी सांगितलं. काही टेबलांत दिवसभर भर पडत असते. ऑप्टिमायझरच्या हातात नोंदींचा आकडा सकाळचा आणि टेबल दुपारचं. तेव्हा बरोबरी झाली तर आकड्यावर भरोसा ठेवायचा नाही. अंदाज चुकला तरी ज्यात कमी नुकसान होईल तो रस्ता धरायचा. मी लिहून काढलं. त्यांनी एक शब्द बदलायला लावला आणि मंजुरी दिली.

महिनाअखेरीस सर गेले. दुपारी झोपायला मिळेल म्हणून खूश आहे, असं सगळ्यांना सांगत गेले.

त्यांचं घर नल्लकुंट्यातच, माझ्या बसस्टॉपच्या वाटेवर. त्यांचं दार टाळायला मी मागच्या गल्लीतून वळसा घालून जायला लागले. मग एक दिवस मावशी भाजी घेऊन आली आणि म्हणाली, तुझे सर भेटले होते, काहीतरी निरोप दिलाय, मला तर काही कळला नाही. "पोरीला विचारा म्हणाले, माझ्या दारावरचा रस्ता एवढा महाग कायकू झाला?"

रविवारी गेले. ते व्हरांड्यात बसले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या बरोबरीच्या अटीचं कुणी काही विचारलं का?"

"नाही सर. वाचलं की कळतं त्यांना."

"हौ," सर म्हणाले, आणि चहा आणायला स्वतःच आत गेले. बराच वेळ आले नाहीत.