पायथ्याची सुई

दिग्रसच्या बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीचा कंडक्टर माझ्या पाठीकडे बघतच राहिला. पाठीवर सीताबर्डीतून घेतलेली निळी सॅक होती आणि सॅकवर सुतळीनं करकचून बांधलेली गादीची वळकटी. "कुठं चालले भाऊ, बिछाना घेऊन?" त्यानं विचारलं. माझ्याऐवजी अब्बांनीच उत्तर दिलं, "फॉरेनले. महिनाभर." कंडक्टरनं एकदा अब्बांकडे, एकदा गादीकडे पाहिलं आणि मागची सीट दाखवली. मे महिन्याचं ऊन सकाळी आठलाच टोचत होतं. अब्बा खिडकीखाली उभे होते, भुवयांत नेहमीसारखे कापसाचे तंतू अडकलेले. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गादीले ऊन दाखवत जाय."

महिनाभर, ही मी घरी मारलेली थाप होती. आर्णीचा प्रवीण, माझा आयटीआयचा दोस्त, नॉम पेन्हला कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करत होता. "ये, साहेबाले भेट, जमलं तर राह्य," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. जमलं तर मी राहणार होतो, पाच वर्षं, दहा वर्षं, कितीही. पण अब्बांना एकुलता एक मुलगा, आणि पिंजाऱ्याचं दुकान आजोबांपासून चालत आलेलं. हे सगळं त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. "प्रवीणकडे फिरून येतो," म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नव्या गादीचा कपडा फाडायला घेतला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिनिंगमध्ये मी फिटर होतो. पूर्वी पाडव्यापर्यंत धडधडणारी मिल त्या साली संक्रांतीनंतर आठवड्याभरात थंड पडली. चहाच्या टपरीवर कापसाचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणत. गावोगावची लग्नं पुढे ढकलली जात होती, आणि लग्नाच्या गाद्या हाच तर आमचा सीझन. ज्यांची लग्नं झाली त्यांनी फोमची गादी आणली. अब्बा दुकानात पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, लावून बसायचे, त्याची तार उगाच एकदा वाजवायचे आणि परत भिंतीला टेकवायचे. मी दुकानात बसलो की खोकायचो. लहानपणापासून त्या धुरळ्यात खोकत आलो होतो आणि मनाशी कधीचंच ठरवलं होतं, काहीही करीन पण गादी भरणार नाही.

म्हणून मी निघालो. अशी थाप मारून माझ्यासारखे आणखीही निघाले असतील. कोणी सुरतेला गेलं असेल, कोणी दुबईला. त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको.

नॉम पेन्हनं पहिल्याच दिवशी माझी जिरवली. रस्ता ओलांडता येईना. दिग्रसच्या बाजाराच्या दिवशी मी डोळे मिटून सायकल काढायचो, पण इथे गाड्या उजव्या बाजूनं, आणि मोटारसायकली दोन्ही बाजूंनी, फूटपाथवरूनसुद्धा. एकेका मोटारसायकलवर चार माणसं, नाहीतर उलट्या टांगलेल्या कोंबड्या, नाहीतर एक अख्खं कपाट. शेवटी एका भाजीवाल्या बाईनं माझा दंड धरून मला पलीकडे नेऊन सोडलं. पाट्या वाचता येत नव्हत्या. भूक लागली की बोट दाखवायचं आणि "पोर्क नाही ना" हे हातवाऱ्यांनी कसं विचारायचं याचा विचार करत उपाशीच परत यायचं. दोन दिवस मी केळी आणि बर्फातली गोड कॉफी यांच्यावर काढले.

प्रवीणच्या खोलीत सहा माणसं होती, म्हणून त्यानं मला एका गेस्ट हाऊसवर ठेवलं. तिथे सगळे गोरे बॅकपॅकर. त्यांच्या पाठीवर तंबू, बूट, गिटार. गादी फक्त माझ्या पाठीवर होती. प्रवीण तर बघून जमिनीवरच बसला. "अबे, दुनिया हलकं होऊन फिरते, तू घर घेऊन आला." मालकीणबाईंना सगळे मिंग म्हणत. मिंग म्हणजे तिकडची मावशी. त्यांनी गादी बोटानं दाबून पाहिली आणि काहीतरी म्हणाल्या. ते कौतुक होतं की तक्रार, ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गादीला कुबट वास येऊ लागला. तिथली हवाच ओली. अब्बांचं सांगणं आठवलं आणि मी गादी गच्चीवर अंथरली. ऊन कडक होतं, आभाळ स्वच्छ. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी गच्चीवर टाकलेली गादी संध्याकाळी उचलायची असते, मधे वर बघायचंसुद्धा नसतं. त्याच भरवशावर मी कारखान्याच्या साहेबाला भेटायला गेलो. भेट बरी झाली. हाताला काम द्या, बघून घ्या, असं मी म्हणालो आणि एक अडलेली मशीन सुरू करून दाखवली. साहेब म्हणाला, सोमवारी सांगतो.

दुपारी तीनला आभाळ फुटलं. तिकडे मे महिन्यात ते जवळपास रोजच फुटतं, हे मला सोडून साऱ्या शहराला माहीत होतं. मी परत आलो तेव्हा गादी गच्चीवर बुडालेल्या म्हशीसारखी पडली होती. चौघांनी मिळून उचलावी लागली. खालच्या मजल्यावर पाणी टपकायला लागलं. मिंगनी रस्त्याकडे बोट केलं, म्हणजे फेकून द्या. त्यांचं चुकत नव्हतं. पण भिजलेल्या कापसाचे गोळे होतात, ते न पिंजता गादी कधीच नीट होत नाही, आणि अब्बांनी चार दिवस खपून भरलेली गादी परदेशातल्या उकिरड्यावर टाकून मी सोमवारची वाट बघणार होतो, हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लेड घेऊन गच्चीवर बसलो. पायथ्याकडची शिवण उसवायला घेतली आणि थांबलो. बाकीची शिवण अब्बांची होती, बारीक, दाबून घातलेली. पायथ्याला मात्र लांबलांब टाके होते, एक धागा ओढला की सगळे सुटतील असे. अब्बा असं काम करत नाहीत. आत कोपऱ्यात हाताला चिंधीची पुरचुंडी लागली. चिंधीत गादीची वीतभर लांब सुई होती आणि मेण लावलेल्या दोऱ्याची रीळ.

गादी उघडायची वेळ वर्षानं, दीड वर्षानं येते. महिनाभरासाठी जाणाऱ्याच्या गादीत कोणी सुई ठेवत नाही.

मी तिथेच बसून राहिलो. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो मला खरोखर उतरताना जाणवला. इतके दिवस मला वाटत होतं की मी पळून आलोय. रात्रभर कूस बदलत होतो, ती काही नव्या जागेमुळे नव्हे. मग मी हसलो, आणि डोळे पुसले, आणि शर्ट नाकाला बांधून कापूस बाहेर काढायला लागलो.

तीन दिवस लागले. सकाळी पत्र्यावर कापूस पसरायचा, दुपारच्या आत गोळा करायचा, नजर सतत आभाळाकडे. पिंजण नव्हतं, म्हणून दोन बांबूच्या काठ्यांनी झोडपला. गिटारवाला गोरा येऊन माझे फोटो काढून गेला. तिसऱ्या दिवशी मिंग स्वतःच्या दोन उशा घेऊन वर आल्या. उसवून पाहिलं तर आत सावरीचा कापूस, आमच्या उशांत असतो तोच. मी त्या भरून दिल्या. त्या दिवसापासून माझ्या ताटात काय येऊ नये, हे मिंग स्वतः बघू लागल्या.

सोमवारी साहेबानं हो म्हटलं. मी इंटरनेटच्या दुकानातून आमच्या शेजारच्या सायकलवाल्याच्या नंबरवर फोन लावला. त्यानं अब्बांना हाक मारली. मी म्हणालो, "अब्बा, सुई सापडली."

खरखरीतून अब्बा म्हणाले, "आठ दिवसात भिजवली काय गादी?"

"तुम्हाले मालूम होतं?"

"महिन्यासाठी जाणारा माणूस दुकानाची चाबी खिळ्याले टांगून जात नाही."

खरंच, माझ्याकडची किल्ली मी निघताना खिळ्याला अडकवली होती. माझ्याही लक्षात नव्हतं. "मंग बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"तू बोलला काय?" अब्बा म्हणाले. मग म्हणाले, "बरं केलं गेला. खोकला कमी आहे काय तिकडं?"

खोकला गेलाच होता. मला कळलंही नव्हतं कधी गेला ते.

आता इतकी वर्षं झाली. मी अजून नॉम पेन्हलाच आहे, रस्ता बोलत बोलत ओलांडतो. कोरड्या दिवसांत दरवर्षी गादी उघडतो, झोडपतो, शिवतो आणि सुई परत पायथ्याला ठेवतो. जे काम करायचं नाही म्हणून घर सोडलं, तेवढं एकच काम मी घरी असल्यासारखं करतो. दिग्रसला दुकान अर्ध्या दिवसाचं झालंय. मी जातो तेव्हा मला पाहुण्यांची गादी मिळते, ठेवणीतली, पांढऱ्या चादरीची. पहिल्यांदा वाईट वाटलं होतं.

मागच्या वेळी झोपताना सवयीनं मी त्या गादीचा पायथ्याचा कोपरा चाचपून पाहिला. अब्बा बाजूच्या खाटेवर होते. त्यांनी ते पाहिलं.

"काय पाह्यतं?"

"सुई नाही ठेवली यात."

"इथं कायले पाह्यजे सुई?" ते कूस वळवत म्हणाले. "इथं मी आहो ना."